वाढलेला भाव कुणाचा?

२००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या आपल्या बंद गिरण्यांच्या जमिनी विकायला काढल्या. ज्युपिटर गिरणीची जमीन २७६ कोटी रुपयांना गेली, शेजारच्या एल्फिन्स्टन गिरणीची सुमारे ४४१ कोटींना. दोन्ही एकाच बांधकाम समूहाने घेतल्या आणि तिथे कार्यालयांचे काचेचे मनोरे उभे केले. २०१८ मध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने या मनोऱ्यांतला निम्मा हिस्सा विकत घेतला. त्या व्यवहारात पूर्ण मालमत्तेची किंमत ९,५०० कोटी रुपये धरली गेली होती. बांधकामाचा खर्च, कर्जाचे व्याज, मधल्या मंदीत घेतलेली जोखीम हे सगळे वजा केले, तरी मोठी रक्कम उरते.

ही उरलेली रक्कम कुणी कमावली? मनोरे बांधणाऱ्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण परळच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, त्यामागे दोन उपनगरी रेल्वेमार्ग होते, करदात्यांच्या पैशाने झालेले उड्डाणपूल होते, १९९१ नंतर फोफावलेला वित्तव्यवसाय होता आणि दक्षिण मुंबईतून बाहेर पडू पाहणारी कार्यालये होती. शिवाय त्या गिरण्या ज्यांनी शंभर वर्षे चालवल्या, ते लोकही होतेच. भांडवलशाही न्याय्य आहे की नाही, या वादात दोन्ही बाजूंनी खूप पुस्तके लिहिली गेली आहेत. पण या वादाचा सगळ्यात अवघड भाग याच प्रश्नात आहे: माणसाने कष्टाने, कल्पकतेने कमावलेला नफा वेगळा आणि समाजाच्या वाढीमुळे त्याच्या मालमत्तेवर आपोआप चढलेला भाव वेगळा. दोन्हींना एकच न्याय लावला, की चर्चा फसते.

आधी आकडे पाहू. मार्च २०२४ मध्ये नितीनकुमार भारती, लुकास शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची या चार अर्थतज्ज्ञांनी १९२२ ते २०२३ या शंभर वर्षांतल्या भारतीय विषमतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता. खालच्या ५० टक्के लोकांकडे संपत्तीचा जेमतेम ६.४ टक्के. उत्पन्नातला वरच्यांचा हा वाटा इंग्रजी अमदानीतल्या वाट्यापेक्षाही मोठा आहे. स्वातंत्र्यानंतर तो घसरत गेला आणि १९८२ साली ६.१ टक्क्यांवर आला. तिथून त्याने जी चढण धरली, ती अजून संपलेली नाही.

या अभ्यासावर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. आपल्याकडे उत्पन्नाचे सर्वंकष सर्वेक्षण होत नाही. प्राप्तिकर भरणारे मूठभर. अतिश्रीमंतांच्या संपत्तीसाठी संशोधकांना नियतकालिकांनी छापलेल्या अब्जाधीशांच्या याद्यांचा आधार घ्यावा लागतो. सुरजित भल्ला यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ म्हणतात, लोक प्रत्यक्ष किती खर्च करतात ते पाहा. तिथे चित्र बरेच उजळ आहे. जागतिक बँकेच्या २०२५ च्या टिपणानुसार अतिदारिद्र्यातल्या भारतीयांचे प्रमाण २०११-१२ मधल्या १६.२ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये २.३ टक्क्यांवर आले. खर्चातली विषमता दाखवणारा गिनी निर्देशांकही २८.८ वरून २५.५ वर उतरला. ही लहान गोष्ट नाही. ज्या घरात दोन वेळची भ्रांत होती, तिथे गॅस, मोबाइल आणि पक्के छत आले आहे, आणि त्यात बाजारपेठ खुली होण्याचा वाटा आहे.

तरीही या दोन चित्रांत विसंगती नाही. गरीब माणूस पोटभर जेवू लागला आणि त्याच काळात जमीन, शेअर, खाणी, बंदरे यांची मालकी थोड्या हातांत गोळा झाली, असे एकाच देशात एकाच वेळी घडू शकते आणि घडले आहे. खर्चाच्या पाहणीत अब्जाधीश सापडत नाही, आणि सापडला तरी त्याचा खर्च त्याच्या संपत्तीच्या पासंगालाही पुरत नाही. सरकारच्या स्वतःच्या २०१९ च्या कर्ज व गुंतवणूक पाहणीत शहरी भागातल्या वरच्या १० टक्के कुटुंबांकडे एकूण मालमत्तेचा ५५.७ टक्के भाग आढळला, ग्रामीण भागात ५०.८ टक्के. शहरी कुटुंबांच्या मालमत्तेतला सुमारे ८७ टक्के भाग जमीन आणि इमारतींचा. म्हणजे भारतातल्या संपत्तीची चर्चा ही फार मोठ्या प्रमाणात जमिनीची चर्चा आहे. शेअर बाजाराच्या बातम्यांच्या गदारोळात हे विसरले जाते.

तत्त्वज्ञानाच्या पातळीवर या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत दोन पुस्तकांची छाया आहे. जॉन रॉल्स यांचे १९७१ चे आणि रॉबर्ट नोझिक यांचे १९७४ चे. रॉल्स यांच्या मते विषमता तेव्हाच मान्य करावी, जेव्हा तिच्यामुळे सगळ्यात तळाच्या माणसाचेही भले होते. नोझिक म्हणतात, वाटप कसे झाले ते पाहू नका, मालकी कशी मिळाली ते पाहा. रीतसर मिळवले, स्वखुशीने दिले-घेतले, तर परिणाम कितीही विषम असो, तो न्याय्य. भांडवलशाहीचे समर्थक नोझिक यांच्याकडे बोट दाखवतात. पण नोझिक यांनी तिसरी अटही घातली होती: मुळात मालकी अन्यायाने आली असेल, तर ती दुरुस्त केली पाहिजे. भारतात ही अट गांभीर्याने लावली, तर जमिनींचे, खाणींचे, परवान्यांचे किती सातबारे तपासावे लागतील! ज्या समाजात शतकानुशतके जातीवरून जमीन, शिक्षण आणि पाणवठा ठरला, तिथे सगळे एकाच रेषेवरून धावायला निघाले होते असे म्हणता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात हाच धोका सांगितला होता. राजकारणात एक माणूस एक मत आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता, हा अंतर्विरोध लवकर मिटवला नाही, तर विषमतेने पिचलेले लोक लोकशाहीचा डोलाराच उधळून लावतील, असा त्यांचा इशारा होता. संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात संपत्तीचे केंद्रीकरण सर्वांना अपायकारक होऊ नये, असे राज्यसंस्थेला बजावले आहे.

त्या दिशेने प्रयत्न झाले, आणि त्यांतले बरेच फसले. १९६० मध्ये महालनोबिस समिती नेमली गेली, १९६४ मध्ये मक्तेदारी चौकशी आयोग, १९६९ मध्ये मक्तेदारीविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७३-७४ मध्ये अधिभारासह प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांवर गेला. इतका दर म्हणजे प्रामाणिक माणसाला शिक्षा आणि लबाडाला आमंत्रण. काळा पैसा वाढला, कर वाढला नाही. परवाना पद्धतीचे तर त्याहून वाईट झाले. आर. के. हजारी यांनी साठच्या दशकात नियोजन आयोगासाठी केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, बडी घराणी एकाच मालासाठी अनेक परवाने मिळवून ते अडवून ठेवत होती, म्हणजे नव्या माणसाला शिरकाव नको. केंद्रीकरण रोखायला उभी केलेली यंत्रणाच केंद्रीकरणाचे साधन बनली. समाजवादाच्या नावाने त्या काळाकडे आशेने पाहणाऱ्यांनी हा हिशेब मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

मग १९९१ आले. स्पर्धा खुली झाली की सरकारशी जवळीक असणाऱ्यांचे दिवस संपतील, अशी अपेक्षा होती. काही क्षेत्रांत ती खरी ठरली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात १०,००० रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली. तिच्या संस्थापकांकडे ना जमीन होती, ना खाण, ना मंत्र्याचा फोन. तिने कर्मचाऱ्यांना शेअर दिले आणि हजारो मध्यमवर्गीय घरे त्यातून उभी राहिली. अशा संपत्तीबद्दल तक्रार करायचे कारण नाही. भांडवलशाहीच्या बाजूने इतका स्वच्छ दाखला दुसरा देणे कठीण.

पण सगळी संपत्ती अशी आली नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी मुंबईत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्ससमोर केलेल्या भाषणात एक साधा हिशेब मांडला. अर्थव्यवस्थेच्या आकाराच्या तुलनेत अब्जाधीशांची संख्या पाहिली, तर रशियाखालोखाल भारताचा क्रमांक होता, आणि त्यांतल्या अनेकांच्या संपत्तीचे मूळ जमीन, नैसर्गिक साधने आणि सरकारी कंत्राटे यांत होते. २०१२ मध्ये अदिती गांधी आणि मायकेल वॉल्टन या संशोधकांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हाच धागा पुढे नेला. भारतीय अब्जाधीशांच्या एकूण संपत्तीपैकी सुमारे ६० टक्के संपत्ती बांधकाम, खाणकाम, सिमेंट, दूरसंचार अशा क्षेत्रांशी जोडलेली होती, जिथे सरकारी परवानगीवर नफ्याचे गणित ठरते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले, २०१४ मध्ये दोनशेहून अधिक कोळसा खाणींचे वाटप रद्द केले. अलीकडे, २०२३ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी पाच सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांची बाजारावरची पकड आणि त्यामुळे ग्राहकाला मोजावी लागणारी जादा किंमत यांवर बोट ठेवले. उद्योगसमूहांना हा निष्कर्ष मान्य नसेल, पण प्रश्न विचारला गेला हे बरे झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. पैसा आणि परवानगी यांचे नाते पडद्याआड ठेवायला कायद्याचे पाठबळ मिळाले होते, ते त्या निकालाने काढून घेतले.

हे सगळे एका जागी पाहायचे असेल, तर गिरणगावाइतके बोलके ठिकाण नाही.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी स्थापन केली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा, शिवडी या पट्ट्यात सुमारे ६०० एकरांवर गिरण्या पसरल्या. कोकणातून, साताऱ्या-सांगली-कोल्हापुरातून माणसे आली. दहा बाय बाराच्या खोलीत गाववाले पाळीपाळीने झोपले, खाणावळीत जेवले, साचेखात्यात कापसाची धूळ छातीत भरून घेतली. बदली कामगाराला तर रोज सकाळी गेटवर जाऊन आज काम आहे का, हे विचारावे लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे, आणि एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा हक्क देणारा मुंबई औद्योगिक संबंध कायदा बदलणे या मागण्या होत्या. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा शतकातल्या सर्वांत खालच्या पातळीवर आला, ते हेच वर्ष. संपामुळे वाटा वाढू लागला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण देशातला सर्वांत संघटित कामगारवर्ग मोडून पडला आणि वरची चढण सुरू झाली, या दोन घटना एकाच दशकातल्या आहेत.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. यंत्रसामग्री जुनाट झाली होती. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांनी स्वस्त कापड बाजारात आणले होते. मुंबईच्या मध्यावर कापड विणणे परवडत नव्हते, यात तथ्य होते. उद्योग बुडतात, नवे उभे राहतात, भांडवलशाहीचा हा स्वभावच आहे. प्रश्न गिरणी बंद झाली हा नाही. गिरणी बंद झाल्यावर तिच्याखालच्या जमिनीचे काय, हा आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या प्रश्नाला बऱ्यापैकी न्याय्य उत्तर दिले होते. गिरणीची जमीन विकसित करायची असेल, तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी आणि उरलेली एक तृतीयांश मालकाला. मालकालाही भरपूर मिळत होते, शहरालाही. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांचे विखुरलेले तुकडे जोडून सलग मैदाने, रस्ते आणि घरे कशी करता येतील याचा आराखडा दिला. लंडन किंवा न्यू यॉर्कला हेवा वाटावा अशी संधी होती. ती हातची गेली.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त ज्या जमिनीवर बांधकाम नाही तिचीच, असा अर्थ लावला गेला. गिरणीच्या आवारात जवळपास सगळीकडे शेड, गोदामे, धुराडी उभी होती. मोकळी जमीन नाममात्र. साहजिकच शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला मूळ हिश्शाच्या कित्येक पटींनी कमी जमीन आली. एका पर्यावरण संस्थेने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका शब्दाच्या दुरुस्तीने शेकडो एकरांचे भवितव्य ठरले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो प्रकार इथे कायदेशीर मार्गाने झाला. कुणाच्या कल्पकतेमुळे, कुणाच्या उद्योजकतेमुळे ही संपत्ती निर्माण झाली नाही. ती एका अधिसूचनेने इकडून तिकडे गेली.

कामगारांना काय मिळाले? २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरांची. अर्ज दीड लाखाच्या घरात. अनेक अर्जदार सोडतीची वाट पाहतच गेले, आता त्यांचे वारस फायली घेऊन फिरतात. अलीकडे सरकारने शेलू आणि वांगणीला घरे देऊ केली आहेत, आणि मुंबईत हयात घालवलेल्या लोकांनी त्याला जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर विरोध केला. त्यांचा विरोध रास्त आहे. ज्या जमिनीचा भाव त्यांच्या घामावर उभा राहिला, तिथून त्यांना सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर पाठवून हिशेब चुकता होत नाही.

आणि शहराला? मनोरे आले, मॉल आले, रोज लाखो नोकरदार लोअर परळला येऊ लागले. रेल्वेचे जिने मात्र जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. पुलाचे रुंदीकरण रखडवण्याची जबाबदारी रेल्वेची, हे खरे. पण जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला रास्त हिस्सा सार्वजनिक तिजोरीत आला असता, तर रस्ते, पूल, मैदाने यांसाठी पैसा कुठून आणायचा हा प्रश्नच पडला नसता. हेन्री जॉर्ज या अमेरिकी लेखकाने १८७९ मध्ये हीच मांडणी केली होती: जमिनीची किंमत समाज वाढवतो, तेव्हा त्या वाढीवर कर समाजाने घ्यावा आणि कष्टावरचा कर कमी करावा. बाजारवादी अर्थतज्ज्ञांनाही हे तत्त्व फारसे नाकारता आलेले नाही, कारण जमिनीवर कर लावला म्हणून जमीन कमी पिकत नाही की पळून जात नाही. धारावीच्या पुनर्विकासात आज हाच प्रश्न पुन्हा उभा आहे. तिथे कोण पात्र, कोण अपात्र, आणि अपात्रांना कुठे हलवायचे, याची चर्चा जितकी होते, तितकी विकसित जमिनीच्या भावातला किती वाटा शहराचा, याची होत नाही.

मग साधने कोणती उरली? सरसकट ताब्यात घेण्याचा रस्ता न्यायालयाने जवळपास बंद केला आहे, आणि योगायोगाने तो खटलाही मुंबईचाच. उपकरप्राप्त जुन्या इमारती रहिवाशांच्या संस्थेला घेता याव्यात, यासाठी म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती झाली. ७० टक्के रहिवासी तयार असतील, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला द्यायची. मालकांनी आव्हान दिले. अखेर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. हा निकाल एका अर्थी योग्यच आहे. सामान्य माणसाच्या दोन खोल्यांवर सरकारचा डोळा असू नये. पण मग उरतो तो कर, आणि तिथे आपण गेल्या चाळीस वर्षांत एकेक करून हत्यारे खाली ठेवली.

वारसा हक्काने आलेल्या संपत्तीवरचा कर १९५३ मध्ये लागू झाला आणि १९८५ मध्ये रद्द झाला. तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी कारण दिले ते असे: उत्पन्न फार थोडे, सुमारे २० कोटी, आणि खटपट मोठी. संपत्ती कर १९५७ पासून होता, तो २०१५ मध्ये अरुण जेटली यांनी याच कारणासाठी काढला. कारण खोटे नव्हते. पण उत्पन्न थोडे होते ते सूट, पळवाटा आणि जुनाट मूल्यांकनामुळे. त्या दुरुस्त करता आल्या असत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील मूळ कर ३० वरून २२ टक्के झाला. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडला गेला. त्या बदल्यात काय झाले, हे सरकारच्याच आर्थिक पाहणीने नोंदवले आहे: २०२३-२४ मध्ये मोठ्या ५०० कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, रोजगार १.५ टक्क्यांनी. आज देशात व्यक्तींकडून येणारा प्राप्तिकर कंपन्यांच्या करापेक्षा जास्त आहे.

वारसा कराचे नाव काढले, की राजकारण तापते. एप्रिल २०२४ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत हा विषय निघाला आणि दोनच दिवसांत सगळ्या मोठ्या पक्षांनी त्यापासून हात झटकले. श्रीमंत देश सोडून जातील, कौटुंबिक उद्योग मोडतील, शेतकऱ्याच्या जमिनीवर गदा येईल, अशा भीती घातल्या जातात. पहिल्या दोन भीतींवर जगाचा अनुभव पाहावा. जपानमध्ये वारसा कराचा वरचा दर ५५ टक्के आहे, ब्रिटनमध्ये ४०. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या मालक कुटुंबाने २०२१ मध्ये १२ लाख कोटी वॉनहून अधिक वारसा कर भरण्याचे जाहीर केले. सॅमसंग बुडाली नाही. तिसऱ्या भीतीचे उत्तर मर्यादा ठरवण्यात आहे. पिकेटी आणि सहकाऱ्यांनी सुचवलेला कर १० कोटींहून अधिक संपत्तीवरच आहे, त्यात सामान्य शेतकरी, दुकानदार, पगारदार येतच नाही. आजोबांनी १९८० साली घेतलेला भूखंड नातवाला शंभर कोटींचा होऊन मिळतो, तेव्हा त्यात नातवाचे कर्तृत्व काय? भांडवलशाही गुणवत्तेचा दाखला देते. गुणवत्तेवर खरोखर विश्वास असणाऱ्यांनी तरी वारसा कराला विरोध करू नये.

महाराष्ट्राने भांडवलाचे वाटप वेगळ्या रीतीने करून पाहिले, हेही नोंदवायला हवे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५० पासून ऊस गाळू लागला. शेतकरीच मालक, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती. पुढे संचालक मंडळेच मालकासारखी वागू लागली, अनेक कारखाने आजारी पडले, बँकांच्या लिलावात खासगी हातांत गेले. सहकाराचा पराभव झाला तो कल्पनेमुळे नव्हे, हिशेब विचारणारा सभासद गप्प बसल्यामुळे.

याहून नेटका प्रयोग रोजगार हमीचा. विसापूरच्या वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात तिला आकार आला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खणणाऱ्या मजुराची मजुरी शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने भरायची, यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहराची कमाई गावाच्या कामाशी इतक्या सरळपणे जोडणारा दुसरा कर या देशात क्वचितच सापडेल. पण राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे आणि ती १९८८ पासून बदललेली नाही. परिणामी महाराष्ट्रात महिना ११,००० रुपये मिळवणारा सुरक्षारक्षक वर्षाला २,५०० रुपये भरतो, आणि तो ज्या मनोऱ्याच्या दारात उभा असतो त्या मनोऱ्याचा मालकही व्यवसाय कर म्हणून २,५०० रुपयेच भरतो. ही मर्यादा उत्पन्नाच्या प्रमाणात वाढवणारी घटनादुरुस्ती कोणत्याही पक्षाच्या खासदाराला मांडता येईल. महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा खासदारांनी ती मांडावी.